स्प्रिंगच्या एअर रायफलवर दुर्बीण मागे सरकते : कारण आणि उपाय

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी ०.१७७ बोअरची, नळी मोडून ताणायची स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल घेतली. आमच्या आखाड्यामागे मातीचा उंच बांध आहे. त्याच्यासमोर २० मीटरवर कागदी लक्ष्य लावून मी सकाळी तासभर सराव करतो. याखेरीज त्या रायफलीचा दुसरा कुठलाही वापर नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याची मला पूर्ण जाणीव आहे, त्यामुळे त्या विषयावर इथे चर्चा होऊ नये ही विनंती.

पन्नाशीनंतर उघड्या साइटवर माझी नजर नीट ठरत नाही, म्हणून ३ ते ९ पट दाखवणारी, ४० मिमी भिंगाची दुर्बीण दोन सुट्या रिंगांवर बसवून घेतली. पहिले चाळीस-पन्नास छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडले. त्यानंतर मार हळूहळू हलू लागला आणि शंभर छर्रे होईपर्यंत तळहाताएवढ्या जागेत विखुरला. निरखून पाहिले तेव्हा दोन्ही रिंगा मिळून सुमारे ४ मिमी मागे सरकलेल्या होत्या आणि रायफलीच्या वरच्या खाचांवर चकचकीत ओरखडे उठले होते. स्क्रू इतके आवळले की एलन कीचे वळ तळव्यावर उठले, तरी दुसऱ्या दिवशी तोच प्रकार.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. रायफल खांद्यावर मागे आपटते, म्हणजे दुर्बीण जागच्या जागी राहू पाहील आणि रायफलीच्या मानाने पुढे सरकेल, असा माझा साधा हिशेब होता. मग ती मागे का सरकते? आणि हे कायमचे थांबवायचे कसे?

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

काका, उपाय सांगण्याआधी तीन गोष्टी पाहून कळवा. रायफलीच्या वरच्या खाचांमधल्या पट्टीवर, मागच्या टोकाकडे, एक किंवा अधिक गोल भोके आहेत का? रिंगांच्या पायात खाली उतरवता येणारी एखादी पिन आहे का? आणि खाचांना तेल लावलेले आहे का? त्याचबरोबर दस्त्याचे स्क्रू, विशेषतः पुढच्या बाजूचे दोन, घट्ट आहेत की नाहीत हेही बघा. मी वाळूजला टूलरूममध्ये काम करतो आणि माझ्याकडे "दुर्बीण खराब आहे" म्हणून आलेल्या रायफलींपैकी बऱ्याच वेळा दस्त्याचेच स्क्रू ढिले निघाले आहेत.

पूर्णामाय (परभणी)

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते. तुमचा हिशेब बंदुकीसाठी बरोबर आहे, स्प्रिंगच्या रायफलीसाठी तो अर्धाच आहे.

तुमच्या रायफलीत धक्का छर्र्यामुळे बसत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने गेला तरी त्याचा संवेग ०.१ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद एवढाच होतो. साडेतीन किलोच्या रायफलीला तो जाणवणारही नाही. धक्का येतो तो पिस्टनमुळे. समजा पिस्टन आणि त्याच्यासोबत हलणारा स्प्रिंगचा भाग मिळून २५० ग्रॅम आहे आणि तो सेकंदाला १० मीटर वेगाने पुढे धावतो. त्याचा संवेग २.५ होतो, म्हणजे छर्र्याच्या पंचवीसपट.

आता क्रम पाहा. चाप ओढल्यावर स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि त्याच वेळी रायफलीला मागे ढकलते. स्प्रिंगचा जोर ७०० न्यूटन धरला तर साडेतीन किलोच्या रायफलीला २०० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण मिळते. हा धक्का तुलनेने सावकाश, काही मिलिसेकंद चालतो. त्यानंतर पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेच्या उशीवर आदळून थांबतो, बहुतेकदा थोडा उलटही उसळतो, आणि त्याचा सगळा संवेग रायफलीला पुढे ओढतो. तोवर रायफल सेकंदाला ०.७ मीटर वेगाने मागे जात असते, ती एखाद्या मिलिसेकंदातच थांबते. याचे त्वरण ७००च्या घरात जाते, म्हणजे पहिल्या धक्क्याच्या साडेतीनपट, आणि तेही उलट दिशेने.

रायफल अशी एकाएकी पुढे हिसकली गेली की वरची दुर्बीण मागे राहते. अर्ध्या किलोच्या दुर्बिणीवर या क्षणी सुमारे ३५० न्यूटन, म्हणजे ३५ किलो वजन टांगल्याइतकी ओढ येते. खांद्याला हे कळत नाही, कारण खांदा फक्त मागचा धक्का झेलतो, पण रिंगांना नेमका पुढचा हिसका झेलावा लागतो. शंभर छर्रे म्हणजे असे शंभर हिसके, आणि तुमच्या रिंगा दर हिसक्याला केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकत होत्या. ४ मिमी भागिले १०० केले की हे लक्षात येईल.

बालाघाटी (मूळ गाव परळी तालुक्यात, सध्या टेक्सास)

ताईंचा हिशेब वाचून राहवले नाही, कारण मी याच प्रश्नाशी उलट दिशेने झगडलो आहे. इथे कायद्याच्या चौकटीत रानडुकरांची शिकार करता येते आणि त्यासाठी मी एका वेळी एकच गोळी भरायचे पिस्तूल वापरतो. या प्रकारातले सगळ्यांत ओळखीचे पिस्तूल म्हणजे मूळच्या न्यू हॅम्पशायरमधल्या थॉम्पसन-सेंटर कंपनीचे, वॉरन सेंटर यांनी रचलेले कंटेंडर. ते १९६७ साली बाजारात आले. एकाच सांगाड्यावर नळी बदलून वेगवेगळी काडतुसे वापरता येतात हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे त्याच घराण्यात एन्कोर हे अधिक दणकट पिस्तूल आले आणि लोक त्यावर रायफलीची अधिक जोरदार काडतुसेही वापरू लागले.

माझी नळी .४५-७० ची आहे. हे काडतूस १८७३ सालचे, मुळात लष्करी रायफलीसाठी बनलेले. ताईंच्या पद्धतीने ढोबळ हिशेब केला तर साडेएकोणीस ग्रॅमची गोळी ४९० मीटर वेगाने आणि तिच्यामागचा वायू मिळून संवेग १३च्या पुढे जातो. पिस्तूल दोन किलोचे, म्हणजे ते सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने मागे उसळते, आणि हा वेग त्याला जेमतेम दीड मिलिसेकंदात मिळतो. वरची दुर्बीण २५० ग्रॅमची असली तरी तिच्यावर हजार न्यूटनच्या वर, म्हणजे शंभर किलोहून अधिक ओढ येते. इथे सगळा धक्का एकाच दिशेचा असतो, त्यामुळे दुर्बीण पुढे सरकते.

सुरुवातीला मी दोन रिंगांचे माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारी बैठक, लावले होते. विसाव्या गोळीला पायाच्या दोन स्क्रूंची डोकी तुटून पडली. नळीवर पाया बसवायला बहुधा ६-४८ मापाचे बारीक स्क्रू येतात आणि आडवा जोर फक्त त्यांच्यावर आला की ते कापले जातात. मग एका कारागिराकडून भोके मोठी करून ८-४० चे आटे पाडून घेतले, नळी आणि पाया यांच्यामध्ये एपॉक्सीचा पातळ थर भरला, म्हणजे पाया नळीवर सर्व अंगाने टेकतो, आणि तीन रिंगा लावल्या. इथे जोरदार पिस्तुलांवर तीन, प्रसंगी चार रिंगा लावण्याची पद्धत आहे. दुर्बीणही मुद्दाम कमी ताकदीची, हलकी घेतली. पिस्तुलाची दुर्बीण हात लांब धरून पाहायची असते, म्हणून तिच्यात डोळ्याचे अंतर ४५ ते ६० सेंमी ठेवलेले असते. रायफलीची दुर्बीण यावर लावणाऱ्याची भुवई फुटते.

एक बारकावा तुमच्याही कामाचा आहे. आडव्या खाचा असलेल्या रेलवर रिंगेचा बोल्ट खाचेत सैल बसतो. आवळण्याआधी मी रिंग पुढे ढकलून बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवतो, कारण माझी दुर्बीण पुढे जाऊ पाहते. तुमच्या रायफलीवर तशी रेल असेल तर बोल्ट मागच्या भिंतीला टेकला पाहिजे. इथून स्प्रिंगची एअर रायफल घेतलेले लोक बंदुकीची सवय म्हणून तो पुढे ढकलतात, आणि मग पहिल्या काही छर्र्यांतच तो सगळा सैलपणा भरून निघतो.

मांजराकाठ (लातूर)

पूर्णामाय ताई, बालाघाटी, दोघांचेही मनापासून आभार. इतक्या वर्षांत कोणी हे असे समजावून सांगितले नव्हते.

वाळूजकर, तुमच्या प्रश्नांची उत्तरे : पट्टीवर मागे तीन उथळ भोके आहेत. मागच्या रिंगेच्या पायात बारीक पिन आहे, पण डोळ्याचे अंतर जमावे म्हणून मी रिंग भोकांच्या एक सेंटीमीटर पुढे बसवली होती, त्यामुळे पिन कशातच अडकलेली नव्हती. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून खाचांना तेल लावले होते, हेही खरे. दस्त्याचा पुढचा एक स्क्रू पाव फेरा ढिला निघाला.

काल तेल पुसून, रिंग मागे घेऊन पिन भोकात उतरवली. आज सत्तर छर्रे मारले. दुर्बीण सरकली नाही, पण मागची रिंग हाताने हलते आहे आणि मार उभ्या दिशेने पसरतो आहे. आता हे काय?

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

काका, पिन जास्त खाली उतरवली गेली आहे. ती भोकाच्या तळाला टेकली की जॅकसारखे काम करते : रिंगेचा पाय पट्टीवरून वर उचलला जातो आणि जबड्यांची पकड खाचांच्या फक्त कडांवर राहते. पिनचे काम खाली दाबणे हे नाही, तिने भोकाच्या मागच्या भिंतीला आडवे टेकायचे असते. व्हर्निअरने भोकाची खोली मोजा आणि पिन त्यापेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर कमी बाहेर ठेवा. माउंट पट्टीवर पूर्ण बसले आहे याची खात्री करून ते हाताने मागे ओढा, पिन भिंतीला लागल्याचे जाणवेल, आणि त्याच अवस्थेत जबडे आवळा.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते, कारण टूलरूममध्ये आम्ही तरुण मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. फिक्स्चरवर, म्हणजे यंत्रावरच्या पकडीवर, कापायची वस्तू (आम्ही तिला 'काम' म्हणतो) बांधताना कटिंगचा जोर क्लॅम्पवर कधीही घ्यायचा नसतो, तो घन स्टॉपरवर घ्यायचा असतो. क्लॅम्प काम जागेवर धरून ठेवतो आणि स्टॉपर जोर झेलतो. तुम्ही स्क्रू आवळून आवळून घर्षणाकडून स्टॉपरचे काम करून घेत होतात. घर्षणाची पकड प्रत्येक हिसक्याला थोडी हरते आणि हरलेली जागा पुन्हा मिळत नाही.

शिवाय एका आडव्या हिसक्यासाठी दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट केव्हाही चांगले. सुट्या रिंगांमध्ये पिन फक्त एकीलाच असते आणि दुसरी रिंग दुर्बिणीच्या नळीवर भरवसा ठेवून उभी असते. एकसंध माउंटमध्ये दोन्ही पाय एकाच ठोकळ्यात असल्याने पिनवर आलेला जोर सगळ्या लांबीला वाटला जातो आणि त्याला चार किंवा सहा क्लॅम्प स्क्रू मिळतात. तुमच्या पट्टीची रुंदी आधी मोजून घ्या. या खाचांना सरसकट ११ मिमी म्हणतात, पण प्रत्यक्षात रुंदीत आणि उताराच्या कोनात फरक असतो. जबड्याचा कोन खाचेशी जुळला नाही तर तो रेषेवर टेकतो, सपाटीवर टेकत नाही, आणि तुम्हाला दिसले तसे ओरखडे पाडतो.

बसवताना खाचा, जबडे, रिंगांची आतली बाजू आणि दुर्बिणीची नळी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की तिची लापशी होते आणि तीच वंगणाचे काम करते. गंजाची भीती असेल तर माउंट बसल्यानंतर बाहेरून तेलाचा हात फिरवा. दुर्बिणीची नळी रिंगांत घसरत असेल तर आत राळेची अगदी बारीक पूड भुरभुरावी, हा जुना आणि चांगला उपाय आहे. सारंगी वाजवणारे गजाला लावतात तीच राळ.

रिंगांच्या झाकणांचे स्क्रू एकाआड एक, तिरके, थोडे थोडे आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहू द्या. माउंटसोबतच्या कागदावर आकडा दिलेला असेल तर तोच पाळा, नसेल तर झाकणांना २ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त देऊ नका. टॉर्क रेंच नसला तरी चालेल : एलन कीच्या लांब दांडीवर ५ सेंमी अंतरावर ताणकाटा अडकवा आणि काटकोनात ओढा, ४ किलो दाखवले की २ न्यूटन-मीटर झाले. तुम्ही तळव्यावर वळ उठेपर्यंत आवळले होते, तेव्हा नळी चेपली गेली आहे का तेही पाहा. अॅल्युमिनियमची नळी चेपली की आतली हलणारी नळी अडकते आणि मग टरेट (नेम सरकवायची दुर्बिणीवरची गोल कळ) फिरवूनही नेम नीट सरकत नाही. स्क्रूच्या आट्यांवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरे. लाल वापरू नका, तो उघडायला तापवावे लागते.

दुर्बिणीची उभी रेषा सरळ करण्यासाठी २० मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा आणि रायफल समतल धरून ती रेषा ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. यापेक्षा खात्रीचे साधन मला माहीत नाही.

कयाधू (हिंगोली)

सर, माझी अडचण थोडी वेगळी आहे, तरी इथेच विचारतो. माझे माउंट एकसंध आहे, पिन बरोबर आहे, पेन्सिलने मारलेली खूण तसूभर हललेली नाही, तरीही मार रोज वेगळा पडतो. कधी पाच छर्रे डावीकडे, कधी चार वर. नळी मोडून ताणायचीच रायफल आहे. वरचा टरेट जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आला आहे, तेव्हा कुठे नेम उंचीला जुळतो.

पूर्णामाय (परभणी)

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. दुर्बिणीच्या आत एक लहान नळी असते. टरेटचा स्क्रू तिला एका बाजूने दाबतो आणि समोरच्या बाजूने एक लहान स्प्रिंग तिला स्क्रूशी टेकवून ठेवते. नेम वर नेण्यासाठी टरेट बाहेर काढत गेलात की ती स्प्रिंग पसरत जाते आणि तिचा दाब कमी होतो. शेवटाला आलेल्या टरेटवर ती नळी जवळजवळ तरंगत असते, प्रत्येक हिसक्यानंतर थोड्या वेगळ्या जागी बसते आणि मार भटकतो. बाहेरून काहीच हललेले दिसत नाही.

टरेट इतका का काढावा लागला, याचे कारण नळीचा कल. मोडणाऱ्या नळ्यांमध्ये नळी बंद झाल्यावर थोडी खाली झुकलेली राहणे सर्रास आढळते. टरेट मधोमध ठेवून २० मीटरवर छर्रा १० सेंमी खाली पडत असेल तर हा कोन ०.००५ रेडियन होतो. दोन रिंगांमधले अंतर १०० मिमी असेल, तर मागची बाजू अर्धा मिलिमीटर उचलावी लागेल. एवढे अंतर भरून काढणारी, मुद्दाम कललेली माउंट मिळतात आणि तीच घ्यावीत. मागच्या रिंगेत प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालूनही काम होते, पण अर्धा मिलिमीटर ही माझ्या मते त्याची कमाल मर्यादा आहे. त्यापुढे नळी वाकते.

दुर्बीणच आतून तुटली आहे का, हेही तपासायला हवे. बंदुकीच्या दुर्बिणीतली भिंगे आणि रेषांची कडी मागच्या धक्क्यासाठी घट्ट बसवलेली असतात, पुढच्या हिसक्याचा विचार त्यात नेहमी असतोच असे नाही. म्हणून शेकडो किलोची ओढ सहन करणारी महाग दुर्बीण स्प्रिंगच्या रायफलीवर निकामी होऊ शकते. एअर रायफलीसाठी म्हणून बनवलेलीच घ्यावी, आणि तिचा फोकस १० मीटरपर्यंत खाली येणारा असावा. तपासणीचा सोपा मार्ग म्हणजे कुणाची तरी चांगली चालणारी दुर्बीण तुमच्या माउंटवर लावून तीस छर्रे मारून पाहणे.

बालाघाटी (सध्या टेक्सास)

कललेल्या माउंटबद्दल ताईंशी पूर्ण सहमत. एक भर घालतो. हिसका दुर्बिणीपर्यंत पोहोचूच नये म्हणून जर्मन कारखान्यांनी रायफलीच वेगळ्या रचल्या होत्या : फाइनवेर्कबाउ ३०० मध्ये सगळी यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर सरकते, तर डायनाच्या गिस पद्धतीत एक पिस्टन पुढे आणि त्याच वेळी दुसरा तितकाच जड पिस्टन मागे धावतो, त्यामुळे दोघांचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. त्यातली दुसरी रचना मला यंत्रशास्त्रातली फार सुंदर गोष्ट वाटते.

कयाधू (हिंगोली)

टरेट मधोमध आणून पाहिला. २० मीटरवर १३ सेंमी खाली पडतो. ताईंच्या हिशेबाने मला साडेसहा दशांश मिलिमीटर लागेल, म्हणून पट्ट्यांच्या नादी न लागता कललेले माउंट मागवले आहे.

मांजराकाठ (लातूर)

उशीर झाला, पण पुरेसे छर्रे मारल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

एकसंध माउंट आणले. पट्टी व्हर्निअरने मोजली तर ती ११.३ मिमी निघाली. भोकाची खोली २.१ मिमी भरली, त्यामुळे पिन १.७ मिमी बाहेर ठेवली. सगळे स्पिरिटने पुसले, माउंट मागे ओढून पिन टेकल्याची खात्री केली आणि आमच्या धान्याच्या ताणकाट्याऐवजी शेजाऱ्यांकडून मासळीचा लहान काटा आणून झाकणे ४ किलोवर आवळली. ओळंबा घराचे काम करणाऱ्या गवंड्याचाच होता. जुन्या दुर्बिणीची नळी मागच्या रिंगेपाशी खरोखरच चेपलेली निघाली, ती बाजूला ठेवली आणि एअर रायफलीसाठीची, ४०० ग्रॅमची साधी ४ पटीची दुर्बीण घेतली. ताकद कमी झाल्याची खंत वाटेल असे वाटले होते, पण २० मीटरवर ती पुरते.

माउंटच्या मागच्या कडेला पट्टीवर पेन्सिलची बारीक रेघ मारली होती. आज ३०० छर्रे पूर्ण झाले. भिंगातून पाहिले, रेघ आणि कड यांच्यामध्ये फट नाही. शेवटच्या दहा छर्र्यांचा कागद मोजला, मधल्या दोन भोकांच्या केंद्रांत नव्हे तर सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या केंद्रांत १८ मिमी अंतर आहे. आठ दिवसांपूर्वीच्या कागदावर ते १९ होते.

वाळूजकर, जुन्या ओरखड्यांच्या जागी खाचेची कड थोडी गोल झाली आहे. माउंटचा मागचा एक जबडा नेमका तिथेच येतो. सध्या तो धरून आहे, पण पुढच्या महिन्यात संभाजीनगरला येणे आहे, तेव्हा रायफल घेऊन तुमच्याकडे दाखवायला येईन.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

अवश्य या काका. रविवार सोडून कधीही. माउंट काढू नका, बसवलेलेच आणा, म्हणजे जबडा नेमका कुठे टेकतो ते निळा रंग लावून पाहता येईल.